घड मे महिन्यातच ठरतो

मे महिन्यात पिंपळगाव बसवंतहून दिंडोरीकडे जाताना द्राक्षबागांत बघण्यासारखं काही नसतं. फेब्रुवारीत याच बागांच्या बांधाला क्रेट भरलेल्या गाड्या लागलेल्या असतात, सहलीला आलेली मंडळी घडाला गाल लावून फोटो काढत असतात. मेमध्ये मांडवावर कोवळी फूट, बोदावर (वेलींच्या ओळीखालच्या वरंब्यावर) छाटलेल्या काड्यांचा भुगा, ठिबकची नळी आणि रणरणतं ऊन. व्यापारी तर त्या दिशेला फिरकतही नाही. आणि पुढच्या फेब्रुवारीत बागेतून माल किती निघणार, याचा निकाल नेमका याच दिवसांत लागत असतो. माणसाच्या इतिहासातल्या मोठ्या गोष्टींचा निकालही असाच खूप आधी लागलेला असतो.

आपल्याकडे हिवाळा वेलीला झोपवण्याइतका कडक नसतो, म्हणून बाग वर्षातून दोनदा छाटावी लागते. एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात खरड छाटणी होते. ओलांडा म्हणजे तारेवर आडवी धरलेली वेलीची जाड फांदी; तिच्यावरच्या सगळ्या काड्या एकेक डोळा, म्हणजे फुटणारा कोंब, ठेवून खरडून काढतात. नवी फूट नऊ-दहा पानांवर आली की सातव्या पानाशी शेंडा मारायचा. तिथे गाठ बसते आणि गाठीतून पुढे निघते ती सबकेन. छाटणीपासून साधारण ४० ते ६० दिवसांच्या दरम्यान प्रत्येक पानाच्या बगलेतल्या डोळ्यात, टाचणीच्या टोकाएवढ्या जागेत, पेशींचा एक उंचवटा उठतो. आपण कोण होणार हे त्या उंचवट्याचं अजून ठरलेलं नसतं. काडीला ऊन लागलं, पानांनी अन्न साठवलं, नत्र आणि पाणी हात राखून दिलं, तर त्याचा घड होतो. आभाळ आलं, फुटींची गर्दी झाली, काडी सावलीत सापडली, तर त्याचीच बाळी होते. बाळी म्हणजे तारेला विळखा घालणारा तो हिरवा तंतू, ज्याला एक मणीही लागत नाही. बागाईतदार याला सूक्ष्मघडनिर्मिती म्हणतात आणि ती चुकली की ‘बाग बाळीवर गेली’ म्हणतात.

मग पावसाळाभर तो डोळा बंद. ऑक्टोबरात गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, झाली की तो फुटतो आणि आत जे ठरलेलं असेल ते बाहेर येतं. त्या वेळी खताची पोती ओतली तरी बाळीचा घड होत नाही. खरड छाटणी मेपर्यंत लांबली की जूनचं आभाळ नेमकं चाळिसाव्या दिवशी डोक्यावर येतं आणि वर्ष हातचं जातं, ते यामुळेच.

माणसाचा इतिहास समजावताना चोवीस तासांचं घड्याळ वापरायची एक पद्धत आहे. आपल्या जातीची ३ लाख वर्षं म्हणजे एक दिवस धरला, तर शेती रात्री अकरा वाजून चार मिनिटांनी सुरू होते आणि वाफेचं इंजिन शेवटच्या दीड मिनिटात येतं. ऐकणारा क्षणभर थक्क होतो. पण या घड्याळात एक खोट आहे. त्यात पहिले तेवीस तास माणूस नुसता बसून होता असं वाटतं, आणि अकरा वाजून चार मिनिटांनी कुणीतरी बटण दाबलं. घड्याळ लांबी सांगतं, कारण सांगत नाही. कारण समजून घ्यायचं तर बाग बरी.

सुरुवात खुंटापासून. आज नाशिकच्या बहुतेक बागा स्वतःच्या मुळावर उभ्या नाहीत. फेब्रुवारी-मार्चमध्ये खड्ड्यात डॉगरिजचा खुंट लावतात. ही टेक्सासकडची रानवेल. तिच्या फळाला कुणी विचारत नाही, पण क्षारपड जमीन आणि पाण्याची ओढ सोसणारी तिची मुळी कणखर असते. खुंट पेन्सिलीएवढा जाड झाला की ऑगस्ट-सप्टेंबरात जमिनीपासून फूट-दीड फुटावर तो छाटून, मधोमध चीर देऊन, दोन डोळ्यांची पाचरीसारखी तासलेली काडी बसवतात आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने आवळून बांधतात. खुंटाची नि काडीची साल निदान एका बाजूला तरी तंतोतंत जुळली पाहिजे. तिथला हिरवा थर जुळला नाही तर कलम आठ दिवस हिरवं दिसतं आणि मग वाळतं. १८६० च्या दशकात अमेरिकेतून आलेल्या फायलोक्झेरा किडीने फ्रान्समधल्या बागा मुळासकट खाल्ल्या, तेव्हा युरोपाने शेवटी याच तंत्राचा आसरा घेतला, आणि खुंटही अमेरिकेतूनच आणले. दुखणं आणि औषध एकाच गावचं.

आपलं शरीर हा असा खुंट आहे. मोरोक्कोतल्या जेबेल इरहूद इथे सापडलेली आपल्या जातीच्या माणसाची हाडं सुमारे ३ लाख वर्षांपूर्वीची आहेत. नाशिकमध्येच गंगापूरजवळ गोदावरीच्या जुन्या गाळात ज्या दगडी हातकुऱ्हाडी मिळाल्या, तसली हत्यारं घडवण्याचा हात तर आपल्या जातीहूनही जुना. या खुंटावर भाषा, खुणा, गोष्टी, रीतीभाती हे कलम केव्हा बसलं याची तारीख सांगता येत नाही. पण दक्षिण आफ्रिकेतल्या ब्लॉम्बोस गुहेत गेरूच्या तुकड्यावर मुद्दाम कोरलेल्या चौकटीच्या रेघा ७० हजार वर्षांहून जुन्या आहेत. तोवर जोड जुळलेला होता, एवढं म्हणता येतं. एकाच डॉगरिजवर एका ओळीत थॉमसन येतं, शेजारच्या ओळीत काळं शरद. जगातल्या कुठल्याही दोन माणसांच्या डीएनएमध्ये हजारात जेमतेम एका अक्षराचा फरक असतो. खाली खुंट एकच, भेद आहे तो कलमाच्या वर.

कलमाच्या बागेत एक काम कधीच संपत नाही, ते म्हणजे खुंटाची फूट काढणं. जोडाच्या खालून डॉगरिज फुटत राहतो, आणि दोन महिने दुर्लक्ष झालं तर वरच्या कलमाचं अन्न खाऊन तोच मांडवावर चढतो. मधाचं पोळं वर्षातून एखाददा मिळायचं त्या काळात गोड दिसलं की पोटभर खाऊन घेणारं शरीर आपल्याला मिळालं. आज तेच शरीर मिठाईच्या दुकानापुढे उभं आहे. अनोळखी टोळी दिसली की आधी दगड उचलणारा हातही तोच. खुंटाची फूट.

पुढचं पाऊल म्हणजे ओलांडा तयार करणं. खोड तारेपर्यंत पोहोचलं की वेल दोन्ही बाजूंना वळवतात, पण एका दमात पळू देत नाहीत. नऊ-दहा पानं झाली की सातव्यावर शेंडा थांबवायचा, बगलफुटी येऊ द्यायच्या, मग पुन्हा पुढे सोडायचं. याला ‘स्टॉप अँड गो’ असंच म्हणतात, मजुरांच्या तोंडीसुद्धा. घाईने सरळ वाढवलेला ओलांडा लांब दिसतो, पण मधले डोळे आंधळे राहतात आणि पुढे कायमची मोकळी जागा पडते. माणूस आफ्रिकेबाहेर पसरला तो साधारण ७० ते ५० हजार वर्षांपूर्वीपासून, आणि त्याचा शेंडा मारणारं होतं हिमयुगाचं हवामान. सुमारे २१ हजार वर्षांपूर्वी गारठा टोकाला पोहोचला तेव्हा समुद्राची पातळी आजच्यापेक्षा १२० मीटरच्या आसपास खाली होती. उत्तरेकडच्या वस्त्या मागे सरकत होत्या, उबदार कोपऱ्यांत दाटत होत्या, बर्फ हटलं की पुन्हा सुटत होत्या.

आता पुन्हा मे महिन्याकडे येऊ, कारण खरी गंमत तिथे आहे.

इस्रायलमधल्या गालिली तळ्याच्या काठी ओहालो नावाची जागा आहे. सुमारे २३ हजार वर्षांपूर्वी तिथे काही फांद्यांच्या झोपड्या होत्या. त्यांच्या जमिनीवर रानटी गहू आणि जव यांच्यासह शंभरावर जातींच्या वनस्पतींचे जळके दाणे नि अवशेष मिळाले. एका झोपडीतल्या दगडावर पिष्टाचे कण चिकटलेले होते. त्यावर रानटी धान्य वाटलेलं. नांगर नाही, पेरणीचा हंगाम नाही, धान्याचं कोठार नाही. शेती सुरू झाली असं आपण म्हणतो त्याच्या ११ हजार वर्षं आधीची ही गोष्ट. जॉर्डनमधल्या शुबायका इथे १४ हजार वर्षांहून जुन्या चुलीत भाकरीसारख्या पदार्थाचे करपलेले तुकडे मिळाले, म्हणजे भाकरी शेतीच्याही काही हजार वर्षं आधी आली. चीनमधल्या शियानरेनदोंग गुहेतली मातीची भांडी २० हजार वर्षांच्या घरातली. तुर्कस्तानात गोबेक्ली तेपे इथे माणसाच्या तिप्पट उंचीचे कोरीव दगडी खांब साडेअकरा हजार वर्षांपूर्वी उभे राहिले, आणि उभारणाऱ्यांच्या ताटातलं धान्य अजून रानटीच होतं.

शाळेतली पायरी आपल्याला उलट शिकवते: आधी शेती, मग गाव, मग भांडी, मग देऊळ. डोळा चिरून पाहिला तर दळण, भाकरी, भांडं, देऊळ हे सगळे उंचवटे शेतीच्या आधीच उठलेले दिसतात. ओहालोच्या दगडावर दाणे वाटणाऱ्या हाताला आपण ‘शेतीची पूर्वतयारी’ करतोय असं वाटलं असेल का? तिथे संध्याकाळच्या खाण्याचा प्रश्न होता, एवढंच. आणि अशा किती उंचवट्यांची बाळी झाली असेल! दाणे वाटणाऱ्या पण पुढे शेतीला न लागलेल्या वस्त्या जगभर होत्या. ऑस्ट्रेलियात कडा घासून धार लावलेली दगडी कुऱ्हाड ४० हजार वर्षांहून आधी होती, बियाही वाटल्या जात होत्या, आणि तरी तिथे गव्हासारखी पिकं आणि नांगर यांचं जग उभं राहिलं नाही. हा बुद्धीचा दोष मानणारे अजून भेटतात. बागेत बाळी झालेल्या काडीला कुणी मठ्ठ म्हणत नाही; ऊन कधी मिळालं आणि आभाळ कधी आलं ते विचारतात.

मग ऑक्टोबर. गोडी छाटणीआधी पानगळ करून घेतात, काडी सबकेनच्या गाठीपुढे एक-दोन डोळे ठेवून कापतात आणि २४ ते ४८ तासांच्या आत डोळ्यांना हायड्रोजन सायनामाइड हे रसायन लावतात, लिटरला ३० ते ४० मिली. याला पेस्टिंग म्हणतात. ते केलं नाही तर शेंड्याकडचा डोळा आधी फुटतो, मागचे दहा-बारा दिवस रेंगाळतात आणि पुढे एकाच वेलीवर एक घड फुलोऱ्यात तर दुसरा अजून पोंग्यात, म्हणजे नुकत्या फुटलेल्या कोंबात, अशी तारांबळ होते. प्रमाण जास्त झालं तर डोळाच जळतो.

सुमारे ११,७०० वर्षांपूर्वी पृथ्वीवर असं पेस्टिंग झालं. हिमयुगात हवेतला कार्बन डायऑक्साइड १८०-१९० पीपीएमपर्यंत (हवेच्या दहा लाख भागांत तेवढे भाग) उतरलेला होता, तो २६० च्या पुढे गेला. पानांना खाद्य मिळालं, पाऊस वाढला, आणि मुख्य म्हणजे हवामान वर्षानुवर्षं एकसारखं राहू लागलं. त्याआधी जवळजवळ १,२०० वर्षांचा एक गारठा मध्येच येऊन गेला होता. निफाडचा पारा पाच अंशांकडे सरकला की छाटलेल्या बागेची फूट जशी जागच्या जागी थिजते, तसा. तो हटला आणि पश्चिम आशियात गहू-जव, चीनच्या दोन नद्यांकाठी भात आणि बाजरीवर्गातलं धान्य, मेक्सिकोत आधी भोपळा आणि मग मका, न्यू गिनीत केळी, अशी एकमेकांचं तोंडही न पाहिलेल्या लोकांनी काही हजार वर्षांच्या आत शेती सुरू केली. ३ लाख वर्षांच्या मानाने हे एकदमच म्हणायचं. कुणी कुणाकडून शिकलं नव्हतं. डोळे सगळीकडे तयार होते, छाटणी एकाच वेळी झाली.

द्राक्षवेलही याच गर्दीतली. रानवेलीत नर आणि मादी वेली वेगवेगळ्या असतात. माणसाने हेरून जपली ती एकाच फुलात दोन्ही असलेली, दरवर्षी हमखास लागणारी वेल. पुढे बिनबियांची थॉमसन आली, जिला स्वतःचं मूल स्वतः वाढवता येत नाही. तास-ए-गणेश ही त्याच थॉमसनमधली निवड. आता कोणी कोणाला पाळलंय, असा प्रश्न मार्चमधलं आभाळ बघत पहाटेपर्यंत जागणाऱ्या बागाईतदाराला विचारून बघावा.

फुटवा आला की फेलफूट काढतात, म्हणजे घड नसलेल्या फुटी. त्या काढल्या नाहीत तर मांडव दाट होतो, आत हवा खेळत नाही, पानावरचं दव नऊ-दहा वाजेपर्यंत सुकत नाही आणि डाऊनी हा बुरशीचा रोग येतो. घडाच्या पाकळीवर आला तर औषध मारायला फार तर एक रात्र हाती असते. रानातल्या एकट्यादुकट्या वेलीवर रोगाची अशी लाट येत नाही. दाटी झाली की रोगाला रान मोकळं.

गावांचंही तेच झालं. शेतीच्या सुरुवातीच्या पिढ्यांची हाडं अनेक ठिकाणी आधीच्या शिकाऱ्यांपेक्षा खुजी आहेत, दात किडलेले आहेत. गोवर हा गुरांच्या बुळकांडीचा भाऊबंद. त्याला टिकून राहायला काही लाखांची एकत्र वस्ती लागते. ती मिळेपर्यंत तो माणसात मुक्काम करूच शकत नव्हता. शहरं झाली आणि त्याला घर मिळालं. १३४७ ते १३५१ या काळात प्लेगने युरोपातली निदान एक-तृतीयांश माणसं नेली. आणि फार लांब कशाला, १९११ ते १९२१ हे भारताच्या जनगणनेतलं एकमेव दशक, ज्यात माणसं वाढण्याऐवजी घटली: २५.२१ कोटींवरून २५.१३ कोटी. मध्ये १९१८ चा इन्फ्लुएंझा येऊन गेला होता.

क्षाराची गोष्टही बागाईतदाराला समजावून सांगावी लागत नाही. कालव्याच्या पाण्यावर वर्षानुवर्षं भिजणाऱ्या काळ्या जमिनीत निचरा नसेल, तर उन्हाळ्यात बोदाच्या कडेला पांढरी पापडी धरते आणि पानांच्या कडा करपतात. इराकमधल्या दजला-फरात नद्यांच्या खालच्या खोऱ्यात, जिथे जगातली पहिली शहरं आणि इसवी सनपूर्व ३३०० च्या सुमाराचं पहिलं लिखाण सापडतं, तिथेही शेतांत क्षार चढत गेले. मंदिरांच्या धान्याच्या नोंदींत गव्हाचा वाटा उतरत गेला आणि क्षार सोसणाऱ्या जवाचा वाढत गेला. जगातले पहिले हिशेबनीस आपल्याच जमिनीच्या दुखण्याची पाटी लिहीत बसले होते. तिकडे डॉगरिज नव्हता.

प्रत्येक डोळ्यात खरं तर तीन डोळे असतात. मधला मुख्य, शेजारी दोन उपडोळे. गारपिटीत मुख्य फूट मोडली तर उपडोळा फुटतो. घड लहान येतो, पण काडी मरत नाही. माणसांच्या वस्त्यांचंही असंच होतं. १९५०-५१ साली नाशिक आणि प्रवरेकाठचं जोर्वे इथे उत्खनन झालं, आणि साडेतीन-तीन हजार वर्षांपूर्वीच्या दख्खनच्या शेतकऱ्यांची लाल खापरं आणि तांब्याच्या कुऱ्हाडी उजेडात आल्या. याच जोर्वे संस्कृतीचं गाव पुण्याजवळ इनामगावला मिळालं. तिथे चौकोनी घरं, पाणी वळवायला पाट, पुराला अडवायला बांध. इसवी सनपूर्व १००० नंतर तिथली चौकोनी घरं जाऊन छोट्या गोल झोपड्या आल्या, शेती आटली, शेळ्यामेंढ्या वाढल्या, आणि इसवी सनपूर्व ७०० च्या आसपास गाव सुटलं. मुख्य फूट मोडली. उपडोळ्यावर माणसं तगली. दख्खनमध्ये घड पुन्हा धरला तो काही शतकांनी, सातवाहनांच्या काळात.

तो घड पाहायला त्रिरश्मी डोंगरावर, म्हणजे आपल्या पांडवलेण्यात, चढावं. दहाव्या लेण्यात क्षत्रप (शक राजा) नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने लेण्यातल्या भिक्षूंसाठी ३,००० कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, गोवर्धन इथल्या विणकरांच्या श्रेणींकडे (व्यावसायिक संघांकडे) कायमची ठेवली. गोवर्धन आजच्या गंगापूरजवळ. २,००० एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक व्याजाने. १,००० दुसऱ्या श्रेणीकडे, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत मागायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. २,००० चं वर्षाचं व्याज झालं २४०, आणि लेखात लिहिलंय: २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी, म्हणजे भिक्षूच्या वस्त्रासाठी. हिशेब पैशाला पैसा जुळतो. हा व्यवहार निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, वाचून रीतीप्रमाणे फळ्यावर नोंदवला, असंही त्यात आहे. दोन श्रेणींचे व्याजदर वेगळे का होते, याचा विचार करत तिथल्या ओट्यावर बसलं की सनावळ्या गळून पडतात आणि समोर एक बाजार उभा राहतो. एकीची पत जास्त, किंवा दुसरीकडे सूत महाग. ठेव, व्याज, नोंद, साक्षीदार सभा. सहकारी पतसंस्थेचे उंचवटे त्या दगडात मोजून घ्यावेत.

कलम कसं दिसतं हेही आपल्याच जिल्ह्यात आहे. १९०६ साली सिन्नर तालुक्यातल्या जोगलटेंभी इथे, दारणा-गोदावरी संगमाजवळ, नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा मिळाला. तेरा हजारांहून जास्त नाणी. त्यातल्या दोन-तृतीयांशांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला तीन कमानींचा डोंगर आणि उज्जयिनी चिन्ह पुन्हा ठोकलेलं. नाणं वितळवलं नाही, चांदी बदलली नाही. नहपानाचं नाक डोंगराच्या कडेने अजून डोकावतं. राज्यं बहुतेक वेळा अशीच बदलली. वरची दोन डोळ्यांची काडी नवी. खाली तेच विणकर, तोच घाट, तोच महसूल. इतिहासाच्या पुस्तकांत मात्र काडीचंच चरित्र लिहिलेलं असतं.

राहता राहिला शेवटचा टप्पा: पाणी उतरणं. छाटणीनंतर साधारण तीन महिने मणी टणक, हिरवा, आंबट असतो. मग आठवडाभरात तो मऊ पडतो, काचेसारखा पारदर्शक होतो आणि साखर भराभर चढते. काढणीला १८ ब्रिक्सच्या (ब्रिक्स हे रसातल्या साखरेचं माप) आसपास गोडी लागते, निर्यातीला मणी निदान १६ मिमी हवा. बघणाऱ्याला वाटतं, जादू या महिन्याभरात झाली. १८०० च्या सुमारास जगात १०० कोटी माणसं होती. १९२७ च्या आसपास २०० कोटी. नोव्हेंबर २०२२ मध्ये ८०० कोटी. रेल्वे, लस, वीज, कृत्रिम नत्रखत सगळं याच महिन्याभरातलं.

पण साखर मण्यात तयार होत नाही. पानात होते, आणि एका घडाला बारा ते पंधरा निरोगी पानं लागतात. न्यूकोमेनचं वाफेचं इंजिन १७१२ साली चालू झालं ते कोळशाच्या खाणीतलं पाणी उपसायला, आणि पुढची पन्नासेक वर्षं ते बहुतेक तेवढंच करत राहिलं. कोळसा वाया घालवणारं, अवाढव्य, डुगडुगतं धूड. खाणीच्या तोंडाशी कोळसा फुकटात जमा, म्हणून परवडायचं. १७६९ मध्ये जेम्स वॉटने सुधारलेल्या इंजिनाचं पेटंट घेतलं आणि १८५३ साली १६ एप्रिलला बोरीबंदरहून ठाण्याला गाडी निघाली. १७३० मध्ये त्या धुडाकडे पाहून कुणी ‘हा उद्याचा काळ’ म्हणाला असता तर खाणमालकही हसला असता. मे महिन्यातली बाग.

आणि इथेच बागाईतदाराच्या कपाळाला आठी पडते. वेलीवर पेलवेल त्याहून जास्त घड ठेवले, तर पानं पुरी पडत नाहीत. वेल मग खोडात आणि मुळांत साठवलेलं अन्न काढून मण्यांना देते. त्या वर्षी वजन भरपूर मिळतं, पावती बघून डोळे निवतात. पुढच्या एप्रिलला फूट मागेपुढे निघते, पिवळी, बारीक, आणि दोन वर्षं बाग सावरत नाही. कोळसा आणि तेल म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीचं, खोडात साठलेलं ऊनच. आपला सध्याचा माल कुठल्या अन्नावर भरतोय, याची पावती हवेतच लटकते आहे: कार्बन डायऑक्साइड आता ४२० पीपीएमच्या वर. शेतीच्या पहाटे तो २६० च्या घरात होता, तेव्हा ते पेस्टिंग होतं. प्रमाण जास्त झालं तर डोळ्याचं काय होतं, ते वर लिहिलंच आहे.

ही उपमा कुठे तुटते तेही सांगायला हवं. बागेला बागाईतदार असतो. किती घड ठेवायचे, कात्री कुठे लावायची हे त्याच्या डोक्यात असतं. इतिहासाच्या कात्रीमागे कुणी नाही. गारठा, दुष्काळ, प्लेग, घोड्यावरची टोळी यांनी जे कापलं ते घड नीट यावा म्हणून कापलं नाही, आणि कापली गेलेली काडी म्हणजे फेलफूट होती असं म्हणणं हा शुद्ध निर्दयपणा आहे. विजेते नेहमी बागाईतदाराची भाषा बोलतात, तिथे कान टवकारावेत. शिवाय बाग दरवर्षी त्याच वळणावर येते, आणि बारा-पंधरा वर्षांनी उपटून नवी लावता येते. दुसरी लावायची सोय आपल्याकडे नाही.

गोडी छाटणीच्या आधी बागाईतदार एक काम करतो, काडी तपासणी. बागेच्या वेगवेगळ्या भागांतल्या काड्या कापून प्रयोगशाळेत नेतात. तिथे प्रत्येक डोळा ब्लेडने चिरून सूक्ष्मदर्शकाखाली धरतात आणि कागदावर लिहून देतात: तिसऱ्या डोळ्यात बाळी, पाचव्यात घड, सहाव्यात घड, आठवा मेलेला. मग छाटणी कितव्या डोळ्यावर घ्यायची ते ठरतं. चिरलेला डोळा अर्थातच फुटत नाही. म्हणून नमुन्याच्या काड्या थोड्याच घेतात, आणि बाकीच्या बागेबद्दल त्यांवरून अंदाज बांधतात.

पुरातत्त्ववाले हेच करतात, फक्त त्यांच्या काड्या निवडून घेतलेल्या नसतात, मिळतील त्या असतात. ओहालोच्या झोपड्या जळाल्या, तळ्याचं पाणी चढलं आणि गाळाने दाणे, चटईसारखं पसरलेलं गवत, वाटणाचा दगड हे सगळं झाकून टाकलं. तेवीस हजार वर्षं ते पाण्याखाली तसंच राहिलं. १९८९ साली त्या भागात पाऊस कमी पडला आणि तळं काही मीटर खाली गेलं, तेव्हा काठावर काळे डाग दिसले.